सांगलीतल्या कॉम्प्युटर बैठकीसाठी

बॉस्टन

ती. बाबा आणि ती. आई यांना साष्टांग नमस्कार.

विश्रामबागेतल्या तुम्ही सगळ्यांनी मिळून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कॉम्प्युटरची बैठक सुरू करायचं ठरवलंय, हे वाचून फार आनंद झाला. बाबा, पहिल्या बैठकीत कोणतं सॉफ्टवेअर दाखवावं असं तुम्ही विचारलंय. पण आधी वेळेची वाटणी ठरवा. दोन तासांत दाखवायला चाळीस मिनिटं भरपूर झाली, उरलेला वेळ लोकांच्या प्रश्नांसाठी ठेवा. नुसतं बघायचं तर कोणीही घरी बसून मोबाइलवर बघेल. आपली अडलेली फाइल घेऊन यायला जागा आहे, हे कळलं की माणसं पुढच्या महिन्यात पुन्हा येतात.

इकडे ही पद्धत जुनी आहे. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या एका गॅरेजमध्ये ५ मार्च १९७५ रोजी होमब्रू कॉम्प्युटर क्लब या हौशी कॉम्प्युटरवाल्यांच्या मंडळाची पहिली बैठक झाली. पुढे ली फेल्सेन्स्टाइन बैठकी चालवायला लागले, तेव्हा त्यांनी दोन भाग पाडले होते. पहिला 'मॅपिंग': कोणाला काय हवंय, कोणाकडे काय आहे, ते उभं राहून थोडक्यात सांगायचं. दुसरा 'रँडम ॲक्सेस': ज्याचं ज्याच्याशी काम असेल त्याने त्याला गाठायचं. ॲपल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, स्टीव्ह वोझ्नियाक यांनी ॲपलचा पहिला कॉम्प्युटर याच लोकांपुढे मांडला. आमच्या बॉस्टनची कॉम्प्युटर सोसायटी तर १९७७ मध्ये जोनाथन रोटेनबर्ग या १३ वर्षांच्या मुलाने सुरू केली आणि ती १९९६ पर्यंत चालली. म्हणून सांगते, शाळकरी पोरं आली तर त्यांना मागे बसवू नका, कीबोर्डवर बसवा.

तुमच्याकडेही पहिली पंधरा मिनिटं त्या 'मॅपिंग'सारखीच ठेवा. प्रत्येकाने अर्ध्या मिनिटात सांगायचं: 'जुना प्रिंटर आहे, चालू आहे, कोणाला हवाय का?', 'बिलाची प्रिंट दोन पानांवर जाते.' एकाने ते फळ्यावर लिहून घ्यायचं. उत्तर त्या वेळी कोणीही द्यायचं नाही, ही अट मात्र कडक पाळा. एकाने उत्तर सुरू केलं की दुसरा त्यात दुरुस्ती काढतो आणि मागच्या दहा जणांची पाळीच येत नाही.

आता काय दाखवायचं ते. पॉवरपॉइंटवर सॉफ्टवेअरची माहिती देत बसू नका. आपल्या लोकांचं एक काम घ्या आणि ते बिघडतं कसं, इथपासून दाखवा. माझ्या मते पहिला विषय एक्सेलमधला गट नंबर, म्हणजे सातबाऱ्यावरचा जमिनीचा नंबर. मार्केट यार्डातला हळदीचा व्यापारी असो की तासगावचा द्राक्षवाला, यादीत गट नंबर सगळ्यांनाच लागतो.

कोरी शीट उघडा. नाव, गट नंबर, पोती असे तीन रकाने करा. गट नंबरच्या रकान्यात इंग्रजी आकड्यांत १२/३ टाइप करून एंटर दाबा. तिथे १२ मार्च ही तारीख येईल; कॉम्प्युटरची तारखेची मांडणी अमेरिकन असेल तर ३ डिसेंबर. खाली ४५/२ टाइप करा. ४५ तारीख नसते, त्यामुळे तो जसाच्या तसा राहील. यादीतले काही नंबर बरोबर आणि काही बिघडलेले असतात, म्हणूनच ही चूक चटकन नजरेत येत नाही. मग कोणीतरी म्हणेलच, 'रकाना टेक्स्ट करा की.' तेही करून दाखवा: १२/३ च्या जागी पाच आकडी संख्या दिसेल. एक्सेल तारीख म्हणजे १९०० सालापासूनच्या दिवसांची मोजणी म्हणून साठवतं. तारीख झाली त्या क्षणीच मूळ १२/३ गेलेलं असतं. तो नंबर सातबारा बघून पुन्हाच टाइप करावा लागतो. उपाय एवढाच, की टाइप करण्याआधी अख्खा रकाना निवडायचा, राइट क्लिक, फॉरमॅट सेल्स, टेक्स्ट. एकदोनच नंबर असतील तर आधी एकेरी अवतरणचिन्ह टाइप करून मग नंबर. यानंतर लॅपटॉप लोकांकडे द्या आणि त्यांनाच करू द्या.

दुसऱ्या महिन्याला जुन्या मराठी फाइली घ्या. जुन्या फॉन्टात टाइप केलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो, कारण आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, वर फक्त फॉन्ट मराठी चढवलेला. कन्व्हर्टरने ती युनिकोडमध्ये (मराठी अक्षरांना स्वतःचे कोड देणाऱ्या, सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत) येते, पण पुढे तपासावी लागते. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं याच्या उलट. म्हणून 'स्थिती', 'आर्थिक', 'शेतकऱ्यांना' असे शब्द डोळ्यांनी वाचून घ्या. मूळ फाइल पुसू नका.

खोलीची तयारी आदल्या दिवशी करा. लॅपटॉप रीस्टार्ट करून अपडेट उरकून घ्या, नाहीतर ऐन वेळी निळा पडदा फिरत राहतो. व्हॉट्सॲप बंद, नोटिफिकेशन बंद. विंडोजचं बटण आणि पी दाबून 'डुप्लिकेट' निवडा, म्हणजे लॅपटॉपवरचंच प्रोजेक्टरवर दिसेल. शीट १५० ते २०० टक्के मोठी करा आणि शेवटच्या रांगेत बसून स्वतः वाचून बघा. लागणाऱ्या सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर हव्यात. हॉटस्पॉटच्या भरवशावर राहू नका.

वीज गेली तर लॅपटॉप चालतो, प्रोजेक्टर बंद पडतो. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर एकदम बंद पडणं त्याला वाईट, कारण पंखा थांबतो आणि गरम दिवा तसाच राहतो. कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस त्याला काही मिनिटंच पुरेल, पण नीट बंद करायला तेवढी बास. वीज आली तरी दिवा गार झाल्याशिवाय पुन्हा लावू नका.

बोलणाऱ्याशिवाय एक माणूस वायरींपाशी हवाच. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत माउस पहिल्यांदा जाहीरपणे दाखवला, ते नव्वद मिनिटांचं प्रात्यक्षिक आजही नावाजलं जातं. त्यात कॅमेरे आणि जोडण्या सांभाळायला पडद्यामागे बिल इंग्लिश होते.

लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडायचा अडॅप्टर घाईने आणू नका. लॅपटॉपला एचडीएमआय आणि प्रोजेक्टरला जुनं व्हीजीए (चित्र नेणाऱ्या वायरीची दोन वेगळी तोंडं) असेल तर 'एचडीएमआय टू व्हीजीए' असंच मागा. उलट दिशेचा दिसायला तसाच असतो, पण चालत नाही. प्रोजेक्टरच्या मागच्या बाजूचा आणि लॅपटॉपच्या दोन्ही कडांचा फोटो पाठवा, काय आणायचं ते मी लगेच कळवते.

आई, गुडघ्याचं औषध वेळेवर घे. सर्वांना नमस्कार.

तुमची,
लेक