कोंबडीखत ट्रॉलीने नको, किलोने मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी नांगरट उरकली की खानदेशात कोंबडीखताच्या ट्रॉल्या फिरू लागतात. खत शेतात पसरलं जातं आणि मृगाच्या पावसाची वाट बघत तीन-चार आठवडे उन्हात पडून राहतं. ‘परदेशात टनांनी टाकतात, तुम्ही कशाला घाबरता?’ असं विकणारे सांगतात. परदेशात ते कसं आणि किती टाकतात हेही शेतकऱ्यांना कळायला हवं, म्हणून हे पत्र.

युरोपीय संघाच्या 1991 च्या नायट्रेट निर्देशानुसार पाण्यात नायट्रेट उतरायचा धोका असलेल्या संवेदनशील क्षेत्रांत जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खतातून हेक्टरी वर्षाला 170 किलोपर्यंतच नत्र (नायट्रोजन) देता येतं. एकरी हिशेब 69 किलोच्या आत येतो. आता आपली ट्रॉली मोजू. ब्रॉयलर शेडमधल्या तुसासकटच्या कोरड्या खतात नत्र साधारण 3 टक्के, स्फुरद (फॉस्फरस) 2.6 आणि पालाश (पोटॅश) 1.4 टक्के धरतात. तीन-तीन टनांच्या दोन ट्रॉल्या एकरात रिकाम्या केल्या की 180 किलो नत्र आणि 156 किलो स्फुरद पडलं. एवढं स्फुरद डीएपी या रासायनिक खताच्या जवळजवळ सात गोण्यांत असतं. कपाशीला एकरी सात गोण्या डीएपी कुणीही टाकणार नाही, पण ‘सेंद्रिय’ म्हटलं की हात सैल सुटतो.

अमेरिकेतल्या मेरीलँडला हा सैल हात महागात पडला. चेसापीक उपसागराच्या काठच्या शेतांत वर्षानुवर्षं कोंबडीखत पडलं, स्फुरद साठलं आणि पाण्याबरोबर उपसागरात उतरलं. 1998 मध्ये तिथे खत नियोजनाचा कायदा आला, 2015 पासून जमिनीत आधी साठलेलं स्फुरद मोजून खताची मात्रा ठरवायचे नियम आले. जास्तीचं खत दुसऱ्या भागात नेण्यासाठी राज्य वाहतूक खर्चाला मदत करतं. आपल्याकडे नुकसान आधी पिकावर दिसतं. चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद साठलं की जस्त आणि लोह पिकाला मिळेनासं होतं, कोवळी पानं पिवळी पडतात, मग सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या फवारण्यांचा खर्च सुरू होतो. केळीच्या झाडाला शिफारस 200 ग्रॅम नत्र, 40 ग्रॅम स्फुरद आणि 200 ग्रॅम पालाश अशी आहे. कोंबडीखतात नेमका पालाश सर्वांत कमी. म्हणून मात्रा स्फुरदावर ठरवावी: कपाशीला एकरी टनभर, पाच बाय पाच फुटांवरच्या केळीला फार तर अडीच टन. नत्र-पालाशाची उरलेली गरज वेगळी भागवावी. आणि एवढं टाकल्यावर डीएपीला हात लावू नये.

इंग्लंडच्या नायट्रेट-संवेदनशील भागांत मोकळ्या रानात पसरलेलं कोंबडीखत चोवीस तासांच्या आत मातीत मिसळावं लागतं. तिथल्या थंड हवेत ही घाई, आणि आपण 43-44 अंशांत महिनाभर उघडं ठेवतो! कोंबडीच्या विष्ठेतलं बरंचसं नत्र युरिक आम्लात असतं. ओल मिळाली की त्याचा युरिया होतो, युरियाचा अमोनिया. आपल्या जमिनीचा सामू (पीएच) आठच्या वर, त्यामुळे अमोनिया मातीत न टिकता उडतो. ढिगाजवळ वाकल्यावर डोळ्यांत पाणी येतं, ते आपण पैसे मोजून आणलेलं नत्र असतं. पसरलं त्याच दिवशी वखर फिरवला तरी बरंच वाचतं.

जपानात हे खत कुजवून, गोळ्या करून, नत्र-स्फुरद-पालाशाचे आकडे छापलेल्या पिशव्यांत मिळतं. अंड्यांच्या कोंबड्यांच्या खाद्यात चुनखडी असते, ती विष्ठेत उतरते. जपानच्या आम्ल जमिनींना ती उपकारक ठरते, आपल्या चुनखडीच्या रानाला तिचा काही उपयोग नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरकडून लेअरचं, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचं, खत येतं, म्हणून हा फरक लक्षात ठेवावा. नेदरलँड्समधल्या मुरडाइकला 2008 पासून कोंबडीखत जाळून वीज करतात. राखेत स्फुरद-पालाश उरतो, नत्र आणि कर्ब (कार्बन) जातो. खताचा अतिरेक असलेल्या देशाला ते परवडतं. सेंद्रिय कर्बासाठी आसुसलेल्या आपल्या जमिनींना हा मार्ग मुळीच नको.

आपल्याला अमेरिकेच्या सेंद्रिय प्रमाणीकरणातली कुजवण्याची पद्धत घेता येईल: ढिगाचं तापमान 15 दिवस 55 अंशांच्या वर आणि तेवढ्यात पाच वेळा पालट. आपण बांधावर पेटवतो ती पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, इथे कामाला येते. बारीक केलेली दीड भाग पऱ्हाटी आणि एक भाग तुसाचं कोरडं खत, दोन्ही वजनाने. उंची चार-पाच फूट, रुंदी सहा-सात. मूठभर माल दाबला की बोटांच्या फटीत पाणी चमकावं, धार लागू नये. अमोनियाचा वास आला तर पऱ्हाटी कमी पडली. सडक्या अंड्यांचा आला तर पाणी जास्त झालं. वरचा थर उन्हात वाळतो आणि तिथली कुज थांबते, म्हणून केळीच्या पानांनी झाकावं. दोन-अडीच महिन्यांत ढीग गार होतो, पालटूनही पुन्हा तापत नाही. मगच तो केळीच्या खड्ड्यात घालावा. कच्चं खत घातलं तर टिश्यूकल्चर रोपांची पांढरी मुळं अमोनियाने आणि क्षारांनी करपतात, आणि दोष मात्र नर्सरीला दिला जातो.

कच्च्या खताने माश्यांचाही त्रास होतो. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात गुरांचं रक्त शोषणारी माशी कच्च्या कोंबडीखतात वाढते म्हणून काही तालुक्यांत ते शेतात वापरायलाच बंदी आहे. 2006 आणि 2021 मध्ये नवापूरने बर्ड फ्लू पाहिला आहे. कच्चं खत उघड्या ट्रकमधून जिल्हाभर फिरवणं आता तरी थांबायला हवं.

कृषी विभागाने विक्रेत्याच्या पावतीवर वजन, ओलावा, नत्र आणि खत लेअरचं की ब्रॉयलरचं, एवढं सक्तीचं करावं. तोवर शेतकऱ्याने ट्रॉली उतरवण्याआधी निरनिराळ्या जागचं मिळून एक किलो खत घ्यावं, गोणपाटावर पातळ पसरून वजन उतरायचं थांबेपर्यंत कडक उन्हात वाळवावं आणि पुन्हा मोजावं. पिंजऱ्याखालच्या ताज्या मालात किलोचे अडीचशे ग्रॅमच उरतात. भाव ठरवायचा तो त्या अडीचशे ग्रॅमचा.

आपला,
एक वाचक, ता. यावल, जि. जळगाव