आई-बाबा, तुम्हाला आत्ता पुण्याला आणत नाहीये

प्रिय आई आणि बाबा,

फोनवरच बोलले असते, पण आईला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि बाबा दोन मिनिटांत "घे, आईशी बोल" करून मोकळे होतात, म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

तुम्हाला आत्ता पुण्याला आणायचं नाही असं मी ठरवलंय. खोली तयार आहे, पडदे आईने पसंत केलेलेच लावलेत, त्यामुळे आपण पोरीला जड झालो असं चुकूनसुद्धा मनात आणू नका. दिवाळीपासून मीच मागे लागले होते, घर बंद करा, माझ्याकडे या म्हणून, आईने तर एव्हाना लोणच्याच्या बरण्यासुद्धा वाटून टाकल्या असतील, आणि आता मीच नाही म्हणतेय. चार रात्री धड झोप लागलेली नाही मला.

पण पावसाळ्यात तुम्ही अडीच महिने इथे होतात ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. बाबा, जूनमध्ये आलात तेव्हा सोफ्यावरून सरळ उठायचात. ऑगस्टमध्ये आधी पुढे सरकायचं, दोन्ही हात कडेला दाबायचे, एक झोका घ्यायचा, तो फुकट जायचा, मग दुसऱ्या झोक्याला उठायचं आणि हळूच माझ्याकडे बघायचं, मी बघितलं का म्हणून. बघायचे हो मी. बाराव्या मजल्यावर तुम्ही चालणार तरी कुठे, खाली नुसत्या गाड्या आणि ओळखीचं कुणी नाही. आणि आई, तू तर बोलायचीच बंद झालीस. जेवताना आम्ही सगळे एकदम बोलायचो आणि तू नुसती "हो हो" करून हसायचीस, मला वाटायचं दमली असेल. चिऊने विचारलं, आजी तुला कुठे दुखतंय का, तर तू म्हणालीस "हो हो, छान झालीये भाजी." मी ताट तसंच ठेवून उठले ते त्यामुळे, ऑफिसचा फोन वगैरे काही नव्हता.

तिकडे नाशिकला, जेलरोडला बाबा रोज बाजारात जातात, चार ठिकाणी भाव करतात, कुणाचे किती सुटे राहिले ते तोंडी लक्षात ठेवतात, तुझं भजनी मंडळ आहे, भिशी आहे, सगळ्याजणी तुझ्या कानाशी येऊन बोलतात. मला वाटायचं हे सगळं किरकोळ आहे, माझ्याकडे आलात की आराम मिळेल. पण हा आरामच वाईट. 2024 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांचा अहवाल आला, त्यात म्हटलंय की स्मृतिभ्रंशाच्या साधारण 45 टक्के केसेस टाळता किंवा लांबवता येण्यासारख्या आहेत, आणि त्यासाठी 14 कारणं दिलीत. त्यात बीपी आहे, शुगर आहे, हालचाल नसणं आहे, माणसांत नसणं आहे आणि ऐकू कमी येणंही आहे. नानांच्या वेळी आपण सगळे "वय झालं" म्हणत बसलो. यावेळी मी बसणार नाही.

म्हणून दोन गोष्टी तुम्हाला न विचारता केल्यात, रागवा हवं तर. शुक्रवारी आईच्या कानांची तपासणी आहे, वेळ घेतलीये. आई, मशीन लावलं की म्हातारी दिसेन असं म्हणू नकोस, तुझे केस पांढरे झाले तेव्हा तू कुठे लपवलेस? शब्द पकडण्यातच डोकं दमून जातं आणि मग माणूस गप्प होतो, तसं मला तुझं होऊ द्यायचं नाहीये. दुसरं, सोमवारपासून आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपिस्ट ताई घरी येतील, तीन महिन्यांचे पैसे भरलेत, परत मिळत नाहीत.

बाबा आता म्हणतील, मी रोज चालतो की. चालाच! 2011 साली अमेरिकेत एक अभ्यास झाला, त्यात वयस्कर माणसांना वर्षभर आठवड्यातून तीनदा 40 मिनिटं चालायला लावलं तर मेंदूतला नव्या आठवणी तयार करणारा भाग, हिप्पोकॅम्पस, साधारण 2 टक्क्यांनी वाढला, एरवी या वयात तो कमी होत जातो. पण नुसतं चालून मांड्यांची ताकद येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की 65 च्या पुढे आठवड्याला निदान 150 मिनिटं थोडा दम लागेल असं चालणं, दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळायचा व्यायाम हवा. म्हणजे खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, चहा उकळेपर्यंत ओट्याला एक बोट लावून एका पायावर उभं राहायचं. आधी ताई बघून सांगतील, मगच. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबायचं, "होईल बरं" नाही म्हणायचं.

आणि माळ्यावरचं काढायला स्टुलावर चढायचं नाही, बाबा. अजिबात नाही. बाथरूममध्ये दांडा बसवायला माणूस येईल, त्याला परत पाठवू नका. शुगरची मेटफॉर्मिन गोळी इतकी वर्षं चालू आहे, त्यात आपण शाकाहारी, तर बी-12 तपासायला डॉक्टरांना सांगा, ते कमी झालं तरी विसरायला होतं. आई, बाबांची भाकरी कमी केलीस तरी वाटीभर डाळ आणि दही कमी करू नकोस.

खूप हुकूम सोडले का? मुक्तिधाम मंदिराच्या भिंतीवरचे गीतेचे अध्याय आठवतात ना बाबा, तुमच्या खांद्यावर बसून मी त्यातली अक्षरं ओळखायचे आणि चुकले की तुम्ही मला घेऊन पुन्हा त्याच ओळीपाशी यायचात, रात्रपाळी करून आलेले असायचात तरी. तेव्हा तुम्ही दमत असाल हे मला कळायचंच नाही. तेच पाय आहेत, मला ते अजून खूप वर्षं हवेत.

दर दुसऱ्या शनिवारी मी येणार, चिऊला घेऊन. मे महिन्यात तुम्ही इकडे, पण पंधराच दिवस. आणि पुढेमागे खरंच गरज पडली तर विचारत बसणार नाही, गाडी घेऊन येईन आणि घेऊन जाईन, खोली कुणाला देणार नाहीये.

गुरुवारी संध्याकाळच्या बसने येतेय, शुक्रवारी कानांच्या डॉक्टरांकडे मीच नेईन आईला. बिटकोला उतरेन. बाबा, न्यायला यायचंच असेल तर स्कूटर नको, दोघं चालत या, माझी बॅग हलकी आहे. जाताना मुक्तिधामवरून जाऊ.

तुमची,
बबडी