सत्कार पुरे, हिशेबाची वही आणा

महोदय,
मे महिन्यात चाकरमानी गावी आले की कोकणातल्या शाळांमधून माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरतात. शाल-श्रीफळाचे मानकरी ठरलेले: डॉक्टर, तहसीलदार, बँकेतले साहेब. आंबा कॅनिंगचा कारखाना काढून गावातल्या बायकांना हंगामभर काम देणारा मागच्या खुर्चीत बसतो. मांडवाचा खर्च बहुधा त्याचाच असतो!

रत्नागिरीचे भागोजीशेठ कीर मुंबईत बांधकाम व्यवसायात मोठे झाले आणि 1931 साली रत्नागिरीत सर्वांना खुले असलेले पतितपावन मंदिर त्यांनी स्वखर्चाने उभारले. पण त्यांचे नाव निघते ते दानशूर म्हणून. कंत्राटे कशी मिळवली, माणसे कशी सांभाळली, हे मुलांना कोण सांगणार?

हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव लावण्याचा हक्क, मिळाले. ते वापरायला बागायतदाराला स्वतः नोंदणी करावी लागते, हे बागायतदाराच्या दहावीतल्या मुलालाही अनेकदा ठाऊक नसते. दलालाची पट्टी (विक्रीचा हिशेब), उधारी, बँकेचे तारण, कोकम आगळाच्या बाटलीवर छापायचा अन्न परवान्याचा क्रमांक, हे सगळे जूनमध्ये शाळा उघडल्यावर एखाद्या उद्योजक माजी विद्यार्थ्याने वर्गात बसून समजावावे. भाषण नको. हिशेबाची वही आणावी, बुडालेल्या वर्षाचीसुद्धा.

आणि शाळेने त्या दिवशी देणगीचा विषय काढू नये; नाहीतर पुढच्या वर्षी तो फिरकायचा नाही.

– एक माजी विद्यार्थी, राजापूर