ओली बनियन

आई, बाबा,

फोनवर बाबा "हो हो, सगळं ठीक आहे" म्हणतात आणि फोन आईकडे देऊन टाकतात, म्हणून हे टाइप करून राहिली. नाइट ड्यूटी संपवून आत्ताच रूमवर आली, झोप काही येत नाही, नऊ नाही वाजले तर नागपूरचं ऊन अंगावर येऊन राहिलं, नवतपा आहे ना.

आई, काल तू बोलता बोलता म्हणाली की यांची बनियन रात्री दोनदा बदलली, पिळली तर पाणी निघेल इतकी ओली होती, कूलरच्या ताट्या बदलायला पाहिजेत. मी "हो का" म्हटलं आणि फोन ठेवला. मग रात्री राउंड मारताना एकदम डोक्यात आलं, कूलर तर तुम्हा दोघांच्या समोरच आहे, तू तर पहाटे चादर ओढून घेतेस, मग घाम एकट्या बाबांनाच काहून? सकाळी डोकं जड असतं, चिडचिड करतात, हेही तूच मागच्या आठवड्यात सांगितलं होतं. सुटं सुटं ऐकलं तर काहीच नाही, पण इन्सुलिन सुरू होऊन जेमतेम महिना झाला आणि मला वाटतं रात्री साखर खाली जात असेल. मे महिन्यात घाम आला तर कोण विचारतं, तिथेच फसायला होतं. आणि बाबा, "मला धडधड वगैरे काही होत नाही" हे सांगू नका, तुमची बीपीची ती मेटोप्रोलॉलची गोळी धडधड दाबून टाकते, घाम मात्र दाबत नाही. माझा अंदाज चुकीचाही निघेल, निघाला तर बरंच, पण मोजल्याशिवाय कसं कळणार.

म्हणून आई, दुपारीच डॉक्टरांना फोन लाव, घामाचं सांग, आज रात्रीचा डोस किती घ्यायचा ते त्यांनाच विचार, मनाने कमी-जास्त नको. झोपताना एकदा आणि तीनचा अलार्म लावून एकदा, अशी दोनदा साखर मोज. बोट टोचायच्या आधी हात साबणाने धुवायला लाव, आंब्याचा रस लागलेल्या बोटाचं रीडिंग खोटंच जास्त येतं. ७० च्या खाली आली तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून दे, १५ मिनिटांनी परत मोज, तरी कमीच असेल तर परत दे, वर आली की अर्धी पोळी तरी खायला दे, आणि मला उठव, कितीही वाजले असले तरी. नीट शुद्धीवर नसतील तर तोंडात काहीच घालायचं नाही, सरळ दवाखाना.

आता बाबांसाठी. एक गोष्ट घरी कधी सांगितली नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डातून एक काका घरी चालले होते, बाबांच्याच वयाचे, मी त्यांना दहा मिनिटं इन्सुलिन समजावलं, "समजलं ना काका?" "हो बाई, समजलं." फाइलवर टिक केली आणि दुसऱ्या बेडकडे गेली. चौथ्या दिवशी त्यांना ॲम्ब्युलन्समधून आणलं, घामाने थबथबलेले, बायकोलाही ओळखत नव्हते. घरची बाटली संपली तर पुतण्याने इन्सुलिनच्या पेनमधलं कार्ट्रिज आणून दिलं आणि काकांनी लाल टोपणाच्या नेहमीच्या सिरिंजने त्यातून २० च्या खुणेपर्यंत ओढलं. ती सिरिंज एका मिलीत ४० युनिटवाल्या बाटलीसाठी असते, कार्ट्रिजमध्ये एका मिलीत १००. म्हणजे २० च्या जागी ५० युनिट गेले. वाचले काका. पण मी त्यांच्या हातात एकदाही सिरिंज दिली नव्हती बाबा, नुसती बोलत होती आणि ते मान हलवत होते. चूक त्यांची नव्हती.

तेव्हापासून मी "समजलं का" विचारतच नाही. "घरी काकूला कसं सांगाल ते मला सांगा" म्हणते आणि सिरिंज हातात देते. टीच-बॅक म्हणतात याला, नर्सिंगला असताना पेपरात लिहून मार्क घेतले होते, अक्कल नंतर आली.

तर रविवारी गणेशपेठच्या स्टँडवरून पहिली एसटी पकडून काटोलला येते, बर्डीहून साखर मोजायच्या स्ट्रिप्सचा डबा घेऊन ठेवलाय. बाबा, तुम्ही माझ्यासमोर डोस ओढून दाखवायचा, कोणत्या बाटलीतून आणि कोणत्या सिरिंजने तेही. मी मधे बोलणार नाही. आई, इन्सुलिनची बाटली बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवली असेल तर आत्ताच काढून फ्रिजच्या दारात ठेव, गोठली असेल तर फेकून दे, पैशाकडे पाहू नको.

आणि ताट्या बदलाच. घाम साखरेचा निघाला तरी कूलर काही थंड करून नाही राहिला.

तुमची,
बेबी