रेकॉर्ड रूममधल्या मॅडम, हे पत्र तुम्हाला

मॅडम, तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, पण वाचलंत तर ओळखाल. बाबांच्या घराचं मूळ खरेदीखत हरवलं म्हणून प्रमाणित नकल काढायला तुमच्या दस्त नोंदणी ऑफिसात आईला घेऊन आलेली, ती मी. काल घराचा व्यवहार पूर्ण झाला आणि सह्या करताना मला सारख्या तुम्हीच आठवत होतात.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही काय काय ऐकून घेतलं! एक एजंट सरळ म्हणाला, ओरिजिनल नाही म्हणजे घर विकायचं विसरा, आणि लगेच स्वतःचा रेट सांगितला. एका वकिलाने तर फोन उचलणंच बंद केलं. घेणाऱ्यांच्या बँकेला वेगळाच संशय, मूळ कागद नाहीत म्हणजे कुठेतरी गहाण टाकून कर्ज उचललं असणार. तसं करणारे असतात, मान्य आहे, पण म्हाताऱ्या बाईला चोरासारखं समोर बसवून विचारायचं का हे? कागद हरवला म्हणून मालकी जात नाही, नोंदवलेल्या दस्ताची प्रत ऑफिसच्या दप्तरात असते, एवढं साधं कोणी आईला सांगितलं नव्हतं. ते तुम्ही सांगितलंत, आणि माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघून सांगितलंत.

दस्त नंबर नव्हता तरी नाव आणि अंदाजे वर्ष यावरून तुम्ही शोधून काढलंत. पोलिसांत तक्रार, पेपरात जाहीर नोटीस, प्रतिज्ञापत्र ते सगळं रीतसर झालं. पण मला विसरता येत नाही ते हे की नकल घेऊन आम्ही गेटपर्यंत पोचलो आणि तुम्ही मागून धावत आलात, कारण चतुःसीमेच्या पानावरची शेवटची ओळ झेरॉक्समध्ये कापली गेली होती. "उत्तरेची हद्द दिसत नाहीये, उद्या कोणीतरी यावरूनच अडवेल तुम्हाला," म्हणालात, आम्हाला परत नेलंत, पान नव्याने काढून सही शिक्का करून दिलंत, आणि तुमची जेवायची सुट्टी त्यातच गेली. घेणाऱ्यांच्या वकिलाने सगळ्यात आधी तेच पान उघडलं मॅडम, खरंच सांगते.

आमची नकल दिली तिथेच तुमचं काम संपलं होतं, कोणी तुम्हाला जाब विचारणार नव्हतं. तरी दुसऱ्याचं घर आहे म्हणून पान न् पान बघणारी माणसं त्या धुळीच्या रजिस्टरांमध्ये बसलेली असतात आणि त्यांचं कौतुक कोणी करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आई सकाळपासून विचारतेय, मॅडमना कळवलंस का. तिचे आशीर्वाद आणि माझे मनापासून आभार.