डब्लिन हरले, तिढा सुटला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलवरचे (हात आणि पाय दोन्ही वापरून खेळायचा इथला पारंपरिक खेळ) टिपण वाचले. मराठी दैनिकाने या खेळाची दखल घेतली याचा फार आनंद झाला. मी अकरा वर्षांपासून काउंटी (म्हणजे जिल्हा) लाउथमधल्या ड्रॉहडा गावात परिचारिका म्हणून काम करते आणि माझी मुलगी इथल्या क्लबातून हा खेळ खेळते. म्हणूनच टिपणाचा शेवट खटकला. डब्लिनच्या पैशामुळे खेळ एकतर्फी झाला होता, 2025 मध्ये त्यांची सद्दी संपली आणि आता सगळे सुरळीत झाले, असा त्याचा सूर होता. इथली वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणीही हेच सांगतात. माझी खरी तक्रार त्यांच्याबद्दल आहे.

डब्लिनवर झालेली टीका खोटी नव्हती. 2011 ते 2024 अशी सलग 14 वर्षे लेन्स्टर प्रांताचे विजेतेपद त्यांच्याकडे होते आणि 2015 ते 2020 सलग 6 वेळा अखिल आयर्लंड करंडकही, म्हणजे सगळ्या काउंट्यांमधले सर्वोच्च विजेतेपद. 2019 च्या लेन्स्टर अंतिम सामन्यात त्यांचे 1 गोल आणि 17 पॉइंट झाले, मीथ काउंटीचे फक्त 4 पॉइंट. गोलाला 3 गुण, पॉइंटला 1, म्हणजे 20 विरुद्ध 4. साडेचौदा लाखांची लोकवस्ती, मुलांच्या प्रशिक्षणासाठी इतरांपेक्षा कितीतरी जास्त निधी आणि बहुतेक मोठे सामने आपल्याच शहरातल्या क्रोक पार्कवर. डब्लिनचे दोन संघ करा, अशी मागणीही जोरात झाली.

पण शेजारच्या मन्स्टर प्रांताकडे पाहा. 1936 पासून आजवर तिथले विजेतेपद केरी आणि कॉर्क या काउंट्यांबाहेर फक्त दोनदा गेले: 1992 मध्ये क्लेअरकडे आणि 2020 मध्ये टिपररीकडे. 1979 मध्ये केरीने मिलटाउन मॅलबे इथे क्लेअरला 9 गोल 21 पॉइंट विरुद्ध 1 गोल 9 पॉइंट असे हरवले. 48 विरुद्ध 12! त्या केरी संघाने 1975 ते 1986 या काळात 8 वेळा करंडक जिंकला आणि आजही त्याच्याबद्दल सुवर्णकाळ म्हणूनच लिहिले जाते. केरीच्या मागे निधी नव्हता, परंपरा होती, असे उत्तर मला नेहमी मिळते. असेलही. पण 36 गुणांनी हरून घरी निघालेल्या क्लेअरच्या पोराला त्या फरकाचा काय उपयोग?

लिहिणारे आणि बोलणारे बहुतेक जण मोठ्या काउंट्यांतून आलेले, तिथे पदके मिळवलेले. खेळ ते वरून पाहतात. 2003 मध्ये टिरोन काउंटीने उपांत्य सामन्यात केरीला रोखले, तेव्हा केरीचे माजी खेळाडू पॅट स्पिलेन यांनी दूरचित्रवाणीवर त्या खेळाला ओकारी आणणारा फुटबॉल म्हटले. टिरोनने त्याच वर्षी आपला पहिला करंडक जिंकला. शंभर वर्षांहून अधिक काळ रिकाम्या हाताने परतलेल्या काउंटीला सापडलेली वाट अशी एका शब्दात मोडीत काढली गेली. आणि खेळाडू कोण? सगळे हौशी. रविवारी ज्याची चूक पडद्यावर तीनतीनदा दाखवतात, तो सोमवारी सकाळी शाळेत फळ्यासमोर उभा असतो.

या खेळात पैसे टाकून परगावचा खेळाडू आणण्याचा बाजार नाही. आपल्या गावाच्या क्लबातून आपल्या काउंटीसाठी खेळायचे. खेळाची ही गोष्ट मला सर्वांत जास्त आवडते, आणि लहान काउंटीची कोंडीही इथेच होते. लीट्रिमची लोकसंख्या 35 हजार. कॉनाक्ट प्रांताचे विजेतेपद त्यांनी आजवर दोनदाच मिळवले, 1927 आणि 1994 मध्ये. तिथली तरुण मुले कामासाठी डब्लिनला नाहीतर परदेशी जातात. 2025 च्या लीगमध्ये पुरेसे खेळाडू उभे करता आले नाहीत, म्हणून फर्मॅनाविरुद्धचा सामना त्यांना सोडून द्यावा लागला. संघच मैदानात उतरू शकत नाही, याहून मोठा असमतोल कोणता? डब्लिन जिंकले की हरले, यावर रकानेच्या रकाने भरतात, या बातमीचा मात्र दोन दिवसांत विसर पडला. लहान काउंट्यांसाठी 2022 पासून टॅल्टन चषक सुरू झाला, हे चांगलेच झाले. पण त्याचे सुरुवातीचे सामने रविवारच्या रात्री दोन-चार मिनिटांत उरकतात. बारा वर्षांच्या मुलीला आपल्या काउंटीचा संघ पडद्यावर दिसलाच नाही, तर ती चेंडू कशासाठी उचलील?

11 मे 2025 ला आम्ही क्रोक पार्कवर होतो. आकाराने देशातली सर्वांत लहान काउंटी असलेल्या लाउथने मीथला 3 गोल 14 पॉइंट विरुद्ध 1 गोल 18 पॉइंट असे हरवून 1957 नंतर प्रथमच लेन्स्टर जिंकले. बॉइन नदीच्या दक्षिणेला आमच्या गावाची वस्ती मीथच्या हद्दीत शिरते, त्यामुळे एकाच गावात दोन्ही झेंडे लागले होते. माझ्या शेजारी बसलेले वृद्ध गृहस्थ शेवटच्या शिट्टीनंतर उठलेच नाहीत, चेहरा हातांत धरून रडत राहिले. मुलीने त्यांना आपला लाल रुमाल दिला. त्याआधी एप्रिलमध्ये मीथने डब्लिनला बाद केले, तेव्हा मी वाचलेल्या बहुतेक लेखांत डब्लिनचे काय चुकले हेच होते. मीथने काय केले, लाउथने लहान मुलांच्या संघांवर किती वर्षे कष्ट घेतले, हे शोधायला फारसे कोणी आले नव्हते. आणि त्याच जुलैमध्ये अखिल आयर्लंड करंडक पुन्हा केरीकडे गेला, त्यांचा 39 वा.

संपादक महोदय, आपल्या पानावर या खेळाला पुन्हा जागा मिळेल तेव्हा केरी आणि डब्लिनच्या पलीकडेही पाहावे, ही विनंती. पुढच्या हंगामात कॅरिक-ऑन-शॅनन इथे लीट्रिमचा घरचा सामना असेल, त्या दिवशी मी रजा काढून जाणार आहे. तीनशे शब्दांची जागा ठेवलीत, तर वृत्तांत त्याच रात्री पाठवीन. मानधन नको.

आपली,
एक वाचक
ड्रॉहडा, काउंटी लाउथ, आयर्लंड