शिकाऊ उमेदवारीची माहिती गावापर्यंत पोहोचवा

महोदय,
माझा थोरला मुलगा बी.ए. होऊन चार वर्षं स्पर्धा परीक्षेच्या जाहिरातींची वाट पाहतोय. धाकट्याने आयटीआयमधून फिटर ट्रेड केला आणि वाळूजला शिकाऊ उमेदवार म्हणून लागला. विद्यावेतन थोडं आहे, कायम करतीलच असंही नाही. पण मशीनवर हात बसला, पोराच्या बोलण्यात जोर आला. पदवी वाईट नव्हे. शिक्षक, वकील व्हायचं तर ती हवीच. मात्र १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली ३० किंवा अधिक मनुष्यबळाच्या आस्थापनांना २.५ ते १५ टक्के उमेदवार घ्यावे लागतात, हे आमच्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. दहावी-बारावीच्या निकालाआधीच शाळा-महाविद्यालयांनी पालकांना बोलावून ही माहिती द्यावी.

– एक पालक, गेवराई (जि. बीड)